पॉवर टिलर की मिनी ट्रॅक्टर?

कोकणात पाऊस स्थिरावला की भातशेतकऱ्याच्या हाती मोजकेच दिवस उरतात. राबातील रोपे तीन-साडेतीन आठवड्यांची होतात, खाचरात पाणी साठते आणि तेवढ्याच अवधीत उखळणी, चिखलणी व लावणी उरकावी लागते. रोप वाफ्यातच जून झाले तर लावणीनंतर त्याला फुटवे कमी येतात. हे नुकसान बांधावर उभे राहून दिसत नाही, ते कापणीला कळते. पूर्वी या पंधरा-वीस दिवसांसाठी घरटी बैलजोडी असे, किंवा दोन घरांचे एकेक जनावर जोडून जोत तयार होई. एका हंगामाच्या कामासाठी जोडी वर्षभर पोसणे आता थोड्यांनाच परवडते. गोठे रिकामे झाले, पण चिखलणीची निकड मात्र तशीच राहिली.

या रिकाम्या जागी दोन यंत्रे येऊ पाहत आहेत. दोन चाकांचा, मागून चालत चालवावयाचा पॉवर टिलर हे एक. साधारण २० अश्वशक्तीपर्यंतचा, चार चाकांचा मिनी ट्रॅक्टर हे दुसरे. बचत गट, शेतकरी गट व ग्रामपंचायती यांच्यासमोर निवडीचा प्रश्न येतो तो याच दोहोंमध्ये. निवड बहुधा विक्रेत्याच्या दुकानात होते आणि तिथेच ती चुकण्याचा संभव अधिक, कारण दुकानासमोरील अंगण सपाट, कोरडे आणि ऐसपैस असते.

दोन यंत्रांची कुळकथा

जमीन उलथण्याऐवजी फिरत्या पात्यांनी ती कातरत जाण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीची. ऑस्ट्रेलियात आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने १९१२ च्या सुमारास आपल्या वडिलांच्या शेतावर यासंबंधीचे प्रयोग केले आणि इंग्रजी ‘एल्’ अक्षराच्या आकाराची पाती वापरून फिरता कुळव सिद्ध केला. आज रोटाव्हेटर म्हणून ओळखले जाणारे अवजार हे त्याचेच वंशज. युरोपातही अशाच प्रकारची बागकामाची लहान यंत्रे त्याच काळात तयार होत होती. मात्र चिखलाच्या भातशेतीत या यंत्राला खरे घर मिळाले ते जपानमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर जमीन कुळांच्या मालकीची झाली, शेते लहान होती आणि तरुण माणसे कारखान्यांकडे वळत होती. १९५० नंतरच्या दशकात पॉवर टिलर तेथील खेड्याखेड्यांतून पसरला.

भारतात हे यंत्र १९६० नंतरच्या दशकात आले, तेही जपानी सहकार्यानेच. बंगळूर येथील व्ही.एस.टी. ही कंपनी १९६७ मध्ये मित्सुबिशीच्या तांत्रिक साहाय्याने उभी राहिली. केरळ शासनाच्या केरळ ॲग्रो मशिनरी कॉर्पोरेशनची, म्हणजे ‘कॅमको’ची, स्थापना १९७३ ची, एर्नाकुलम जिल्ह्यातील अथाणी येथे तिचा कारखाना आहे. पुढे चीनमधून स्वस्त यंत्रे मोठ्या प्रमाणावर येऊ लागली. २०२० च्या जुलैमध्ये केंद्र शासनाने पॉवर टिलर व त्याचे सुटे भाग यांची आयात परवान्याच्या बंधनाखाली आणली.

जपानच्या अनुभवातील एक गोष्ट येथे विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. तेथील शेतकऱ्याने पुढे पॉवर टिलर सोडून चार चाकांचा, बसून चालवावयाचा लहान ट्रॅक्टर घेतला, हे खरे. परंतु १९६३ पासून तेथे शेतांची फेरआखणी करून सुमारे ३० मीटर रुंद व १०० मीटर लांब, म्हणजे जवळजवळ ३० गुंठ्यांची, चौरस-सरळ खाचरे आणि प्रत्येक खाचराला लागून वाट असा आराखडा राबविण्यात आला. तेथे शेत बदलले आणि त्याबरोबर यंत्रही बदलले. आपल्याकडे शेत तसेच ठेवून यंत्र बदलण्याची घाई असते.

महाराष्ट्रात वहितीच्या जमिनीचे सरासरी क्षेत्र १९७०-७१ च्या कृषिगणनेत ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, तरी कागदावर एक असलेले क्षेत्र प्रत्यक्षात भावाभावांत वाटून कसले जाते हे तलाठी व शिक्षक दोघेही जाणतात. डोंगरउतारावरील कोकणी खाचर तर मुळातच लहान. दोन गुंठे, तीन गुंठे, क्वचित पाच. उतार जितका तीव्र तितकी पायरी अरुंद आणि बांध उंच.

दोन गुंठ्यांचा हिशेब

एका हेक्टरात १०,००० चौरस मीटर क्षेत्र असते. पॉवर टिलरच्या रोटरीची रुंदी साधारणतः ६० सेंटिमीटर धरली तर एक हेक्टर एकदा कातरण्यासाठी चालकाला सुमारे १६.७ किलोमीटर चालावे लागते, तेही घोट्याच्या वर चिखलात, हातांत थरथरत्या मुठी धरून. लाकडी नांगराच्या १५ सेंटिमीटरच्या तासामागे हेच अंतर ६६ किलोमीटरांहून अधिक होते. त्या मानाने सुधारणा मोठी आहे. पण टिलर म्हणजे आरामाचे यंत्र, असा समज कोणी करून घेऊ नये.

समजा, एका गटात बारा सभासद आहेत आणि प्रत्येकाची भातजमीन ३० गुंठे, म्हणजे एकूण ३६० गुंठे किंवा ९ एकर आहे. ताशी दोन किलोमीटर वेगाने चालणारा टिलर वळणे व थांबे विसरून गणित केले तर तासाला सुमारे १२ गुंठे कातरील. लहान खाचरांत वळण्यात, बांध ओलांडण्यात व पात्यांत अडकलेले गवत काढण्यात एक-तृतीयांश वेळ जातो असे धरले तर हाती ८ गुंठे उरतात. चिखलणी उभी व आडवी अशी दोनदा करावयाची म्हटल्यास तासाला ४ गुंठे पुरे होतील. ३६० गुंठ्यांस ९० तास, आणि दिवसाला सहा तास काम झाल्यास १५ दिवस.

मिनी ट्रॅक्टरमागील रोटाव्हेटर एक मीटर रुंदीचा धरू. त्याच वेगाने तो कागदावर तासाला सुमारे २० गुंठे करील. परंतु दोन गुंठ्यांचे खाचर म्हणजे १० मीटर रुंद व २० मीटर लांब पट्टा. यंत्र व अवजार मिळून तीन-साडेतीन मीटर लांबीचा हा संच त्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना वळवायचा, पुढे-मागे घ्यायचा, पुन्हा ओळीत आणायचा. निम्मा वेळ यात गेला तर तासाला १० गुंठे, दोन फेऱ्यांनी ५ गुंठे, एकूण ७२ तास, म्हणजे १२ दिवस. शिवाय चारही कोपरे राहतात ते वेगळेच. ते कुदळीने करावे लागतात. दुप्पट किमतीच्या यंत्राने वाचले तीन दिवस, आणि त्यातही कोपऱ्यांची मजुरी वजा जाते.

आता हीच ९ एकर जमीन खाडीकाठच्या सपाट मळ्यात, वीस-वीस गुंठ्यांच्या खाचरांत आहे असे समजा. वळणे कमी झाल्याने दोन्ही यंत्रांचा चतुर्थांश वेळच वाया जाईल. टिलरला ८० तास लागतील, म्हणजे तेरा-चौदा दिवस. मिनी ट्रॅक्टर मात्र ४८ तासांत, आठ दिवसांत मोकळा होईल. गट तोच, यंत्रेही तीच. खाचराचा आकार बदलला आणि निवड उलटली. म्हणून कोणत्याही गटाने दरपत्रक मागविण्यापूर्वी आपल्या खाचरांची मोजणी करावी. सातबारावर क्षेत्र मिळते, खाचरांची संख्या व आकार मिळत नाही. ते टेप घेऊन शिवारात फिरल्यावरच कळते. शाळेच्या वरच्या वर्गांतील मुलांना क्षेत्रफळाचा पाठ म्हणून हे काम देता येईल व त्यातून गटाला तक्ताही मिळेल.

वरील आकडे गणितासाठी धरलेले आहेत. गावातील माती, यंत्राचा गिअर आणि चालकाचा हात यांनी ते बदलतील. तासांची बेरीज सारखी आली तरी १५ दिवसांच्या कामात दोन दिवस यंत्र बंद पडले तर बाराव्या सभासदाचे काय, हा प्रश्न उरतोच.

वाट कोणाच्या खाचरातून?

कोकणातील गटांत यंत्रावरून वाद होतात त्यांतले पुष्कळसे ‘आधी कोणाचे’ या मुद्द्यावरचे असतात. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरविणे न्याय्य वाटते, पण उतारावरच्या शेतीत ते चालत नाही. यंत्र खालच्या वा पलीकडच्या खाचरात न्यावयाचे तर ते अलीकडच्या खाचरातून न्यावे लागते. अलीकडच्याने लावणी करून टाकली की पलीकडच्याची वाट बंद. बैल बांधावरून एकामागे एक जात. चारशे-पाचशे किलो वजनाचा टिलर किंवा सहाशे ते आठशे किलोंचा ट्रॅक्टर बांधावरून जाऊ शकत नाही, आणि गेलाच तर बांध राहत नाही. म्हणजे क्रम ठरतो तो वाटेवरून: रस्त्यापासून सर्वांत दूरचे खाचर आधी, रस्त्यालगतचे शेवटी. रोपे टाकण्याच्या तारखाही मग त्याच क्रमाने मागे-पुढे ठेवल्या पाहिजेत. हे मे महिन्यातच ठरवावे लागते, कारण राब एकदा पेरला की मागाहून केलेला समेट रोपांना लागू पडत नाही.

ट्रॅक्टरसाठी हा वाटेचा प्रश्न अधिक बिकट. टिलर अरुंद असतो, दोन भक्कम फळ्या टाकल्या की हात-दीड हात उंचीची पायरी तो चढतो. ट्रॅक्टरला रुंद वाट, वळायला जागा आणि बांधात कायमचा उतार लागतो. जेथे पाणंद आहे पण झाडोऱ्याने वा अतिक्रमणाने बुजली आहे, तेथे ग्रामपंचायतीला बरेच करता येते. २०२१ मध्ये राज्य शासनाने सुरू केलेली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना याच कामासाठी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये हद्दीच्या बांधावरून वाट मिळण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. वाट होणार नसेल तर ट्रॅक्टर रस्त्यालगतच्या चार खाचरांपुरता राहील आणि वरच्या अंगाचे सभासद हप्ता भरून दुसऱ्याचे शेत पाहत बसतील.

अगदी तीव्र उतारावर, जेथे पायऱ्या जेमतेम चार-पाच पावले रुंद आहेत, तेथे दोन्ही यंत्रांचा आग्रह सोडावा हेच बरे. दोघांना उचलून पलीकडे ठेवता येईल असे सुमारे शंभर किलो वजनाचे लहान पॉवर वीडर मिळतात. त्यांचे काम कमी, पण होते.

चिखलाचे स्वरूप

भाताच्या खाचरात साधारण वीतभर चिखलाखाली एक घट्ट थर असतो. वर्षानुवर्षांच्या चिखलणीने तो तयार झालेला असतो आणि पाणी धरून ठेवतो ते त्याच्यामुळेच. यंत्राची चाके या थरावर टेकतात. जड यंत्राने, विशेषतः एकाच जागी चाके फिरत राहिल्याने, हा थर फुटला तर खाचर गळू लागते. टिलरला लोखंडी पिंजऱ्याची चाके लावली की तो चिखलात हलका चालतो. मिनी ट्रॅक्टरलाही अशी चाके मिळतात आणि भातशेतीसाठी ट्रॅक्टर घेणाऱ्याने ती घ्यावीतच. रबरी चाकांवर खोल चिखलात उतरणे म्हणजे रुतणे. ही चाके लावून डांबरी रस्त्यावरून मात्र जाऊ नये. त्याने रस्ता खराब होतोच, शिवाय चाकांचे आरे वाकतात. पाणथळ, झऱ्याच्या जागा, जेथे बैलही पोटापर्यंत रुतत, तेथे ट्रॅक्टर नेऊ नये. अशा जागा गावातील वयस्कर मंडळींना नेमक्या ठाऊक असतात. त्या नकाशावर खूण करून ठेवाव्यात.

उलटण्याचा धोका

दोन्ही यंत्रे माणसाला इजा करू शकतात, पण वेगवेगळ्या रीतीने. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात हा भाग सहसा येत नाही, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे.

टिलरला सुकाणू नसते. प्रत्येक मुठीखाली एक खटका असतो. डावा दाबला की डाव्या चाकाची शक्ती तुटते, उजवे चाक पुढे ढकलते आणि यंत्र डावीकडे वळते. सपाटीवर हे चोख चालते. उतारावरून खाली येताना मात्र इंजिन यंत्राला ओढत नसते, उलट धरून ठेवीत असते. अशा वेळी डावा खटका दाबला तर डावे चाक मोकळे सुटते, वेगाने घरंगळते आणि यंत्र उजवीकडे वळते. नवा चालक घाबरून तोच खटका अधिक घट्ट दाबतो आणि यंत्र बांधाखाली जाते. म्हणून घाटी उतरताना सर्वांत खालचा गिअर ठेवावा, खटक्यांना हात लावू नये, मुठी अंगाने रेटून दिशा द्यावी. मागे ट्रेलर जोडलेला असेल तर ही काळजी दुप्पट.

दुसरा धोका मागे घेण्याचा. रोटरी फिरत असताना टिलर मागे घेतल्यास पाती चालकाच्या पायाकडे येतात आणि पाठीशी बांध वा झाड असेल तर सुटकेला जागा नसते. मागचा गिअर टाकताच रोटरी आपोआप बंद पडेल अशी सोय बऱ्याच यंत्रांत असते. खरेदीपूर्वी ती चालवून पाहावी, आणि गवत अडकते म्हणून कोणी ती काढून टाकली असेल तर ते यंत्र त्या दिवशी शेतात जाऊ देऊ नये. एकसिलिंडर डिझेल इंजिनाची थरथर दिवसचे दिवस हातात घेतल्याने बोटांचा रक्तपुरवठा मंदावतो, बोटे पांढरी व बधिर पडतात. मुठींचे रबर शाबूत ठेवणे आणि चालक आळीपाळीने बदलणे हा त्यावरचा साधा उपाय.

ट्रॅक्टरचा धोका क्वचित येतो, पण आला की जिवावरचा असतो. मागची चाके रुतली आणि चालकाने जोर केला तर चाके फिरू शकत नाहीत. मग इंजिनाची शक्ती ट्रॅक्टरचा पुढचा भागच वर उचलू लागते. चाकांपुढे ओंडका बांधून बाहेर काढण्याची जी युक्ती ठिकठिकाणी करतात, तिच्यात नेमके हेच घडते. नाक वर गेल्यापासून ट्रॅक्टर मागे उलटेपर्यंत एक-दोन सेकंदांचाच अवधी असतो. क्लच दाबण्याचा विचार होईपर्यंत सर्व संपलेले असते. रुतलेला ट्रॅक्टर मागच्या बाजूने काढावा, किंवा दुसऱ्या यंत्राने ओढून घ्यावा. ओढण्याचा दोर वा साखळी खालच्या ओढदांड्यालाच बांधावी, वर कोठेही नाही. बांधाच्या कडेपासून निदान बांधाच्या उंचीइतके अंतर ठेवून चालवावे. ओला बांध कडेला ढासळतो तो याच पट्ट्यात.

स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती पोलादी संरक्षक चौकट सक्तीची केली. ट्रॅक्टर उलटणे थांबले नाही, पण त्याखाली माणूस चिरडून मरण्याचे प्रमाण तेथे पुढील काळात झपाट्याने घटले. मिनी ट्रॅक्टर घेताना अशी चौकट व तिच्याबरोबर आसनपट्टा मागून घ्यावा. केवळ चौकट घेऊन पट्टा न बांधला तर उलटताना चालक चौकटीबाहेर फेकला जातो. आणि मडगार्डवर कोणासही बसू देऊ नये. ट्रॅक्टरला आसन एकच असते, ही गोष्ट लग्नसराईत व शाळा सुटताना विसरली जाते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येत ७,५०० किलोपर्यंतचा ट्रॅक्टर हलक्या वाहनात मोडतो. तेव्हा गटाच्या चालकाकडे त्या वर्गाचा परवाना असल्याची खात्री पदाधिकाऱ्यांनी करून घ्यावी.

चालवणार कोण?

महिला बचत गटाने यंत्र घेतले तर ते चालवते कोण, हा प्रश्न वेळीच विचारला जात नाही. रोपे काढणे व लावणी करणे ही कामे स्त्रियाच करतात, गटाची नावनोंदणी व बचतही त्यांची. पण टिलर घरात आला की मूठ पुरुषाच्या हाती जाते. याला निव्वळ रूढीच कारण आहे असे नाही. टिलर वळविण्यास, बांधावर चढविण्यास आणि चिखलात रेटण्यास खांद्याचे बळ लागते. तो बहुतांशी पुरुष कारागिराच्या मापाने घडविलेला आहे. ट्रॅक्टर बसून चालविला जातो, सुकाणू हलके असते, आणि काही दिवसांच्या सरावाने स्त्रीला तो चालविता येतो. चालक गटाबाहेरचा असेल तर तासांची नोंदही त्याच्या तोंडी सांगण्यावर राहते आणि भाड्याचा हिशेब गटाच्या हातून निसटतो. जेथे जमीन दोन्ही यंत्रांना सारखीच मानवते, तेथे महिला गटाने ट्रॅक्टरकडे झुकावे असे म्हणण्यास हे एक सबळ कारण आहे. जमीन मानवत नसेल तर टिलर घ्यावा आणि एका सभासदाचे काम नोंदवही ठेवणे हेच असावे.

पैशाची बाजू

अनुदानाच्या योजना दोन्ही यंत्रांना आहेत. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाची सुरुवात २०१४-१५ ची. त्यात सर्वसाधारण शेतकऱ्यास ४० टक्के आणि अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांस ५० टक्क्यांपर्यंत, ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेत, साहाय्य मिळते. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावयाचा असतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसाहाय्यता गटांसाठी सामाजिक न्याय विभागाने ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर व त्याची उपसाधने ९० टक्के अनुदानावर देण्याची योजना आखली. मूळ आखणीत खर्चाची मर्यादा ३ लाख ५० हजार रुपये होती, म्हणजे गटाचा वाटा ३५ हजारांचा.

अशा वेळी योजनेत जे आहे ते घ्यावे, ही वृत्ती स्वाभाविक आहे. तथापि ज्या गटाचे सर्व सभासद वरच्या वाडीतील अरुंद खाचरांचे धनी आहेत, त्यास मिनी ट्रॅक्टर मिळून त्याचा उपयोग मुख्यतः माल वाहण्यापुरताच राहील. तेवढ्यासाठीही तो घेणे योग्य ठरू शकते, मात्र ते आधी उमजून. अर्जाची छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याने एकदा शिवारफेरी केली तर पुढील पाच वर्षांचा पत्रव्यवहार वाचेल.

हिशेबाच्या सोयीसाठी टिलर २ लाखांस व ट्रॅक्टर अवजारांसह ४ लाखांस पडला असे समजू. आयुष्य १० वर्षे, शेवटी दहावा हिस्सा किंमत उरेल असे धरले तर टिलरची घसारा-रक्कम वर्षाला १८,००० आणि ट्रॅक्टरची ३६,००० रुपये होते. वरील गटात टिलर ९० तास चालला, तर तासाला २०० रुपये हे डिझेलच्या आधीच पडतात. ट्रॅक्टर केवळ चिखलणीचे ७२ तास चालला तर ५०० रुपये. पण तोच ट्रॅक्टर ट्रॉली लावून शेणखत, चिरा, आंब्याच्या पेट्या, भाताचे भारे वाहत वर्षात ४०० तास चालला तर तासाला ९० रुपयेच. टिलरलाही लहान ट्रेलर लागतो, पट्ट्यावर पंप चालवता येतो, तरी वाहतुकीत त्याची ट्रॅक्टरशी तुलना नाही. तेव्हा चिखलणी सोडून उरलेल्या अकरा महिन्यांत गावात वाहतुकीचे काम किती, हा प्रश्न खाचराच्या आकाराइतकाच महत्त्वाचा ठरतो.

अनुदानाने मिळालेल्या यंत्राला घसारा कशाला, असे काही गट म्हणतात. दहा वर्षांनी दुसरे यंत्र घेताना अनुदान पुन्हा मिळेलच असे नाही. वर्षाला बाजूला ठेवलेली रक्कम तेव्हा कामी येते.

घाटावरचा विचार वेगळा आहे. नाशिककडील द्राक्षबागांत वेलींच्या दोन ओळींतून जाणारा अरुंद मिनी ट्रॅक्टर फवारणीचा पंप पाठीवर घेऊन फिरतो. कोरडी जमीन, सरळ ओळी, रस्ता बागेपर्यंत. तेथे टिलरची आठवणही कोणास होत नाही. मावळ, भोर, इगतपुरी, चंदगड या भातपट्ट्यांत मात्र कोकणचेच प्रश्न आहेत.

खरेदीपूर्वी

यंत्राची निवड झाल्यावर नमुन्याची निवड करताना चाचणी अहवाल मागावा. ट्रॅक्टरची तपासणी मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय संस्थेत होते. ही संस्था १९५५ पासून कार्यरत आहे. पॉवर टिलरची तपासणी आसाममधील विश्वनाथ चाराली येथील संस्थेतही केली जाते. जाहिरातीत छापलेली अश्वशक्ती आणि अहवालातील अश्वशक्ती यांत फरक असू शकतो, व अनुदानाला ग्राह्य अहवालातीलच. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात का, आणि चिखलणीच्या आठवड्यात कारागीर वाडीपर्यंत येईल का, हे त्या भागातील दोन-तीन यंत्रमालकांना विचारावे; विक्रेत्याचे उत्तर ठरलेले असते.

प्रात्यक्षिक दुकानासमोर न मागता गटातील सर्वांत अडचणीच्या खाचरात, पाणी भरल्यावर मागावे. यासाठी खरेदीचा निर्णय एक हंगाम पुढे ढकलावा लागला तरी हरकत नाही. त्या हंगामात शेजारच्या गावातून यंत्र भाड्याने आणून तासांची व गुंठ्यांची नोंद ठेवली, तर वरील कागदी हिशेबाच्या जागी गटाचा स्वतःचा हिशेब तयार होतो.

चिखलणी आटोपल्यावर यंत्र त्याच दिवशी धुवावे. पात्यांच्या बुडाशी व आसाच्या टोपणाशी गवताचे दोर गुंडाळलेले असतात. ते न काढल्यास तेलाची सील फाटते आणि पुढच्या मृगात चिखल आत शिरतो. रोटरीच्या पेटीतील तेल पांढुरके दिसले तर पाणी शिरले असे समजून ते बदलावे. टाकी डिझेलने भरून ठेवावी, नाहीतर रिकाम्या जागेत दमट हवेचे पाणी साचते. ट्रॅक्टरची बॅटरी सोडवून घरात आणावी. टिलर ठेवण्यासाठी गोठा पुरतो. ट्रॅक्टरला दार रुंद करावे लागेल, आणि तो खर्च कोणाच्या घरी करावयाचा हे गटाने ठरावातच लिहून ठेवावे.